वीस गुणांपैकी एक मिनिट द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ,
भांबुर्डा, शिवाजीनगर, पुणे ४११ ००४.



दहावीच्या भाषाविषयांत १०० पैकी २० गुण शाळेच्या हाती असतात. त्या वीस गुणांचे पुढे काय होते, हे महाराष्ट्रात शिकलेल्या कुणाला समजावून सांगावे लागत नाही. मुलगा वर्गात आला, वही पूर्ण केली, तोंडी परीक्षेला दोन ओळी म्हणून दाखवल्या की अठरा-एकोणीस गुण मांडून ठेवलेले. पोरांचे नुकसान कशाला करायचे, ही त्यामागची भावना चांगलीच आहे. पण त्या वीस गुणांत मूल कधी बोलले का, हा प्रश्न कुणी विचारत नाही. मला तो विचारायचा आहे, आणि विचारताना एका परदेशी परीक्षेची साक्ष काढायची आहे.

मी बहारीनमध्ये, मनामा शहराच्या जुफैर भागात राहते. इंग्रजी बोलण्याच्या परीक्षांना बसणाऱ्या तरुण मुलामुलींची आणि नोकरदारांची तयारी करून घेते. जुफैर हे एके काळी किनाऱ्यावरचे, खजुरीच्या बागांचे गाव होते. १९३५ साली ब्रिटिशांनी इथे आरमारी तळ थाटला. १९७१ मध्ये ब्रिटिशांनी गाशा गुंडाळल्यावर अमेरिकन आले, आणि आज अमेरिकेच्या पाचव्या आरमारी ताफ्याचे मुख्यालय इथेच आहे. समुद्रात भराव टाकत टाकत जमीन वाढवली, तिच्यावर हॉटेले आणि भाड्याच्या सदनिकांचे मनोरे उभे राहिले. एका बाजूला अल् फतेह मशिदीचा प्रचंड घुमट, दुसऱ्या बाजूला शबाब अव्हेन्यूवर बर्गर-पिझ्झ्याच्या दुकानांची रांग. तिला इथे सगळे अमेरिकन अ‍ॅलीच म्हणतात. १९६५ साली दिनार येईपर्यंत बहारीनचे व्यवहार रुपयांत चालत, त्यामुळे आपल्या माणसांना हा मुलूख कधी फार परका वाटला नाही. हॉटेलच्या रिसेप्शनवर, भटारखान्यात, रुग्णालयांत, बांधकाम कंपन्यांच्या कचेऱ्यांत खेड-दापोलीची, सांगली-मिरजेची, नाशिकची मुले भेटतात. त्यांतली बरीच आपल्या मंडळाची दहावी पास. त्यांतलीच काही माझ्यासमोर येऊन बसतात.

आपल्याकडे आयईएल्टीएसचा बोलबाला जास्त, पण केंब्रिजची ‘बी टू फर्स्ट’ नावाची एक जुनी परीक्षा आहे. १९३९ साली ती ‘लोअर सर्टिफिकेट’ म्हणून सुरू झाली आणि १९७५ पासून ‘फर्स्ट सर्टिफिकेट’ या नावाने ओळखली गेली. तिची तोंडी परीक्षा दोघांची जोडी करून घेतात. साधारण चौदा मिनिटे. खोलीत चौघे: दोन परीक्षार्थी, दोन परीक्षक. एक परीक्षक बोलतो, आणि तोही छापील मजकुराबाहेर फारसा जात नाही. ‘छान, शाब्बास’ नाही, ‘चुकलास’ही नाही. दुसरा परीक्षक बाजूला बसून फक्त ऐकतो आणि गुण देतो.

या परीक्षेचा दुसरा भाग मला सगळ्यांत आवडतो. परीक्षार्थीपुढे दोन छायाचित्रे ठेवतात. विषय साधेच: कुठेतरी जेवणारी माणसे, काहीतरी शिकणारी, प्रवासात ताटकळलेली. चित्रांच्या वर एक प्रश्न छापलेला असतो. परीक्षार्थीने एक मिनिट, कुणीही मध्ये न बोलता, त्या दोन चित्रांची तुलना करायची आणि बोलता बोलता प्रश्नाचे उत्तर द्यायचे. तोवर जोडीदाराने गप्प ऐकायचे. मिनिट संपले की त्याच चित्रांवर जोडीदाराला एक छोटा प्रश्न येतो, त्याला साधारण अर्धे मिनिट. मग दुसऱ्याची पाळी, चित्रे नवी.

तयारी न केलेली मुले इथे एक ठरावीक घोटाळा करतात. रविवारच्या पुरवणीत ‘सहा फरक ओळखा’ असते ना, तसे ती या चित्रांकडे पाहतात. इकडे निळा सदरा, तिकडे लाल. इकडे तीन माणसे, तिकडे दोन. फरक सगळे बरोबर, पण त्यातून काही हाती लागत नाही. वर छापलेला प्रश्न फरकांची यादी मागतच नाही. तो विचारतो, ही माणसे इथे का आली असतील, यांतल्या कुणाला जास्त जड जात असेल, त्यांना यातून काय मिळत असेल. म्हणजे जे चित्रात दिसत नाही, ते दिसणाऱ्यावरून काढायचे आणि दोन्हीकडचे एकमेकांशी ताडून पाहायचे. याचे बरोबर उत्तर कुठेच छापलेले नसते. परीक्षकाकडेही नसते. तो पाहतो व्याकरण आणि शब्दसंपत्ती, बोलण्याची बांधणी, उच्चार, आणि समोरच्याशी संवाद साधता येतो का. तुमचे मत काय आहे, याला गुण नाहीत. ते मांडता येते का, याला आहेत.

एक प्रसंग जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे म्हणणे त्यावर उभे आहे. खेड तालुक्यातला एक मुलगा. मराठी माध्यम, दहावीला प्रथम श्रेणी, इथे एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला उमेदवारी करणारा. सरावासाठी चित्रे मी इथलीच काढते. (तळाच्या कुंपणाच्या आसपास कॅमेरा काढायची सोय नाही, त्यामुळे जुफैरचा बराच भाग माझ्या संग्रहाबाहेर आहे.) त्याच्यापुढे मी दोन चित्रे ठेवली. पहिल्यात समुद्राच्या कडेला दगडांवर गळ टाकून बसलेला बाप आणि शेजारी आठ-नऊ वर्षांचा मुलगा. दुसऱ्यात रस्त्याकडेच्या टेबलावर जेवायला बसलेले कुटुंब. प्रश्न असा की, या मुलांना वडिलांच्या सोबतीतून काय मिळत असेल?

त्याने सुरू केले. ‘आय कॅन सी वन मॅन. आय कॅन सी वन बॉय. आय कॅन सी सी...’ इथे त्याला स्वतःलाच हसू आले. पहिल्या चित्रातली बादली, टोपी, दगड, आकाश सगळे मोजून झाले. निम्म्याहून जास्त वेळ त्यातच गेला, दुसऱ्या चित्रातली ताटे मोजेपर्यंत मिनिट संपले. प्रश्नाला त्याने हातच लावला नाही.

असे झाले की शिकवणारा म्हणतो, इंग्रजी कच्चे आहे. मीही तेच म्हटले असते, पण त्याला सांगितले, बाबा, इंग्रजी राहू दे, मराठीत सांग. आणि त्याने मराठीत सांगितले: ‘या चित्रात एक माणूस आहे. एक मुलगा आहे. मागे समुद्र आहे. दुसऱ्या चित्रात हॉटेल आहे.’ तीच यादी! शब्द सगळे घरचे होते, क्रियापद अडत नव्हते, उच्चाराची धास्ती नव्हती, तरी गाडी ‘आहे’च्या पुढे सरकेना.

मग मी चित्रे उलटी करून ठेवली आणि विचारले, त्या दोघा पोरांपैकी कुणाच्या जागी बसायला तुला आवडेल? त्यावर तो जे बोलला ते जवळपास जसेच्या तसे देते. ‘मॅडम, तो पोरगा गरवायला आलाय पण त्याचं ध्यान गळाकडं नाहीच. तो कंटाळलाय, पाय बघा कसे टाकलेत. बाप मासा लागल्याशिवाय हलायचा नाय. पण आमचे वडील पण असेच न्यायचे, तेव्हा कंटाळा यायचा, आता आठवतं. ते हॉटेलातले मजेत दिसतात, पण बिल येईपर्यंतच. तरी एकमेकांच्या तोंडाकडे तरी बघतायत.’

अध्यक्षमहोदय, हे पाऊण मिनिटाचे बोलणे मी कुठल्याही परीक्षेत वरच्या श्रेणीत बसवीन. यात निरीक्षण आहे, आणि त्याला पुरावा आहे: पाय कसे टाकलेत ते बघा. तुलना आहे, तीही दोन्ही बाजूंना न्याय देणारी. प्रश्नाचे उत्तर आहे. आणि चित्राकडे न पाहता, नुसत्या आठवणीवर तो हे बोलला. नंतर हेच त्याने इंग्रजीत सांगितले तेव्हा काळ-वचनांची पार खिचडी झाली, पण मिनिट भरले आणि ऐकणाऱ्याला कळले.

तर अडचण भाषेची नव्हती. आपल्याला काय वाटते हे कुणी परीक्षेत विचारील, याची त्याला कल्पनाच नव्हती. दहा वर्षांत त्याला शाळेने शेकडो प्रश्न विचारले असतील. प्रत्येकाचे उत्तर आधीच कुठेतरी होते: धड्यात, फळ्यावर, गाईडात. चित्र समोर आल्यावरही त्याने तेच केले. जे निश्चित आहे, ज्याला कुणी चूक म्हणू शकणार नाही, तेवढेच सांगितले. एक माणूस आहे. एक मुलगा आहे. यात गुण कापायला जागा कुठे आहे?

गंमत म्हणजे सुरुवात आपल्याकडे चांगली असते. बालभारतीच्या लहान वर्गांच्या पुस्तकांत चित्रवाचनाची पाने असतात. जत्रेचे चित्र, बाजाराचे, पावसाचे. चित्र पाहा आणि सांगा. सहा वर्षांचे मूल त्या पानावर अख्खी गोष्ट रचते. फुगेवाल्याचे नाव काय, त्याची बायको कुठे गेली, सगळे त्याला माहीत असते. मग इयत्ता वाढत जातात, चित्रे लहान होत जातात, आणि दहावीत पोहोचेपर्यंत भाषा हा पूर्णपणे लिहिण्याचा विषय झालेला असतो. तिथे अलंकार शिकवतात. उत्प्रेक्षेची ओळख म्हणून ‘जणू, गमे, वाटे, भासे’ हे शब्द मुले तोंडपाठ करतात. त्यावर गुण मिळवतात. पण ‘तुला काय वाटते, काय भासते’ असे विचारून त्यांना मिनिटभर बोलू देणारा तास वेळापत्रकात नाही.

वास्तविक मराठीसारखी अंदाजाची भाषा दुसरीकडे शोधावी लागेल. तो बाप आहे, बाप असेल, बाप असावा, बापच असणार. चार पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर खात्री वेगळी. घरात, पारावर, एसटीच्या स्टँडवर या पायऱ्या आपण न चुकता वापरतो. तीच बोलणारी मुले वर्गात शिरली की सगळे ‘आहे’वर येते. केंब्रिजच्या परीक्षेची तयारी करताना माझा निम्मा वेळ व्याकरणावर जातच नाही. ‘असावे’ म्हणायला परवानगी आहे, एवढे पटवण्यात जातो. एखाद्या वस्तूचा शब्द आठवला नाही तरी ती कशासाठी वापरतात ते सांगून पुढे जाता येते, हे दुसरे. आणि अंदाज केला की ‘कशावरून?’ हे स्वतःलाच विचारायचे, हे तिसरे. आजकाल मोबाईलवर रोज कुठले तरी जुने चित्र नव्या बातमीचे म्हणून फिरत असते. ‘कशावरून?’ हा प्रश्न सोळाव्या वर्षी अंगवळणी पडलेला माणूस ते पुढे पाठवण्याआधी निदान एकदा थबकेल, असे मला वाटते.

आता त्या वीस गुणांकडे येते. त्यांचा अलीकडचा इतिहास आपल्या कार्यालयाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे, पण पत्र खुले आहे म्हणून सांगते. शाळा अंतर्गत गुण सढळ हाताने वाटतात अशी ओरड होती. २०१८-१९ मध्ये मंडळाने भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे ते गुण काढून टाकले आणि सगळे १०० गुण लेखीला दिले. आदल्या वर्षी, २०१८ मध्ये, राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. त्या वर्षी अभ्यासक्रमही नवा होता, तेव्हा सगळे खापर त्या वीस गुणांवर फोडणे बरोबर नाही. पण पालक हबकले. अकरावीच्या प्रवेशात सीबीएसई, आयसीएसईच्या मुलांना अंतर्गत गुणांचा आधार आणि आमच्यांना नाही, ही तक्रार रास्तही होती. काही आठवड्यांत ८०-२० ची पद्धत परत आली, आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला.

या सगळ्या गदारोळात चर्चा झाली ती टक्क्यांची. गुण ठेवायचे की काढायचे, एवढेच दोन पर्याय जणू होते. वीस गुणांत मुलाकडून करून काय घ्यायचे, हा तिसरा मुद्दा कुणाच्या बोलण्यात फारसा आला नाही. काढले तेव्हा मूल बोलले नाही, परत दिले तेव्हाही बोलले नाही. टक्के घसरण्याच्या भीतीबद्दल जाता जाता एक सांगते. केंब्रिजने इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठी पहिली परीक्षा १९१३ साली घेतली. तीन जण बसले, तिघेही नापास. निकाल शून्य टक्के. परीक्षा मात्र चालू राहिली.

माझी मागणी मोठी नाही. भाषेच्या तोंडी परीक्षेत दोन छायाचित्रे, वर एक प्रश्न, जोडीने बसलेली दोन मुले आणि प्रत्येकाला एक मिनिट. आधी मराठीत करा. मराठी माध्यमाच्या मुलाने आपल्या भाषेत चित्रे ताडून पाहिली की इंग्रजीत त्याला फक्त शब्द शोधावे लागतील. आज तो एकाच वेळी शब्दही शोधतो आणि विचारही. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत तेच पुढच्या वर्षी आणता येईल.

‘एवढ्या मुलांची परीक्षा घ्यायची कुणी?’ हे आपण म्हणणारच, आणि शिक्षकांवर आधीच काय काय लादलेले असते ते मी जाणते. म्हणून हिशेब करून पाहिला. वर्गात साठ मुले धरा, म्हणजे तीस जोड्या. एका जोडीला दोन मिनिटे बोलण्याची, दोन अर्धी मिनिटे ऐकणाऱ्याच्या प्रश्नाची, एक मिनिट चित्रे देण्या-घेण्याचे: चार मिनिटे. तीस जोड्यांना दोन तास. ये-जा धरून एक सकाळ. शेजारच्या शाळेतल्या एका शिक्षकाने मागे बसून नुसते ऐकावे आणि गुण द्यावेत. ही कल्पना केंब्रिजची असली तरी त्यात काही परके नाही, प्रात्यक्षिकाला बाहेरचा परीक्षक बोलवायची सवय आपल्याला आहेच. बोलणारा आणि गुण देणारा वेगळा असला की ‘आपलाच पोरगा’ ही माया थोडी आवरते. ती पूर्ण आवरू नये, असेही माझे मत आहे.

ऐकणाऱ्या मुलाचे अर्धे मिनिट मात्र वगळू नका. वेळ वाचवायचा म्हणून सगळ्यांत आधी कात्री त्यालाच लागेल, हे मला दिसते. दुसरा बोलत असताना आपल्या उत्तराची उजळणी न करता त्याचे ऐकणे, हे माझ्या वर्गात मोठ्या माणसांनाही जमत नाही. ज्यांना जमत नाही त्यांची नावे घेतली तर या पत्राला उत्तर यायचे नाही.

चित्रांची निवड हा खरा कसाचा भाग आहे, आणि इथे केंब्रिजचे अनुकरण मुळीच नको. त्यांच्या चित्रांत बर्फावर घसरणारी माणसे आणि तंबू ठोकून राहणारी कुटुंबे येतात. जुफैरची मुले ती निभावून नेतात, कारण ती जगभरच्या माणसांत वाढतात. बीड जिल्ह्यातल्या मुलीपुढे तसले चित्र ठेवले तर ती पुन्हा ‘एक माणूस आहे’वर येईल, आणि दोष तिचा नसेल. आपल्याकडे चित्रांना तोटा आहे का? एका बाजूला आळंदीहून पंढरपूरला निघालेली दिंडी, दुसऱ्या बाजूला मुंबई मॅरेथॉनमध्ये पळणारे लोक. एकाला सुमारे अडीचशे किलोमीटर, दुसऱ्याला बेचाळीस. प्रश्न: ही माणसे एवढे अंतर कशासाठी तोडत असतील? किंवा येवल्याचा पैठणी विणणारा आणि इचलकरंजीच्या यंत्रमागावरचा कामगार. दिवस संपताना कुणाला काय वाटत असेल?

माझ्या मनात सारखी येणारी जोडी वेगळी आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात टँकरभोवती हंड्यांच्या रांगा लागल्या होत्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात लोक घरांच्या गच्च्यांवर बसून बोटींची वाट पाहत होते. एकच राज्य, एकच वर्ष, मध्ये काही आठवड्यांचे अंतर. टँकरची रांग आणि बोटीची वाट ही दोन चित्रे शेजारी ठेवा आणि वर एवढेच छापा: पाण्याने या माणसांचा दिवस कसा बदलला असेल? लातूरच्या मुलाला पहिले चित्र जवळचे, शिरोळच्या मुलीला दुसरे. दोघांना एकाच बाकावर बसवता आले तर परीक्षा म्हणून नव्हे, पण ऐकायला मी जुफैरहून विमानाने येईन. आणि मंडळाने ही जोडी छापली तर भूगोलाचे शिक्षक तक्रार करतील की हा आमचा विषय आहे. त्यांनाही तोंडी परीक्षा द्या.

गाईडवाल्यांचे काय, असेही कुणी विचारील. ‘चित्रतुलना: अपेक्षित पन्नास जोड्या, आदर्श उत्तरांसह’ असे पुस्तक पहिल्याच दिवाळीत निघेल, यात शंका नाही. केंब्रिजच्या परीक्षेलाही हा रोग आहे. ‘दोन्ही चित्रांत माणसे दिसतात, परंतु पहिल्या चित्रात... तर दुसऱ्यात मात्र...’ हे सांगाडे मुले घोकून येतात, मीही ते शिकवते. सांगाडा घोकायला हरकत नाही. त्याने दहा सेकंद भरतात. उरलेली पन्नास भरायला चित्राकडे पाहावेच लागते, आणि चित्र त्याच सकाळी पाकिटातून निघालेले असते.

ज्यांना दिसत नाही अशा मुलांसाठी चित्रांऐवजी ब्रेलमध्ये दोन प्रसंगांचे वर्णन देता येईल. केंब्रिजही चित्रांऐवजी लेखी वर्णन देण्याची सोय करते. अडखळत बोलणाऱ्याला मिनिटाऐवजी दोन द्या. अशा सवलती लेखीला आपण देतोच.

आपला छापील पत्ता वाचताना एक गोष्ट नेहमी लक्षात येते. त्यात ‘बालचित्रवाणीजवळ’ असे असते. दूरदर्शनवर शाळेच्या मुलांसाठी कार्यक्रम करणारी ती संस्था २०१७ मध्ये बंद झाली. चित्र दाखवून मुलांशी बोलण्याचे काम पुण्यात आपल्या भिंतीला लागून वर्षानुवर्षे चालत होते. संस्था परत सुरू करा असे मी म्हणत नाही. तो अधिकार आपला नाही. पण चित्रे निवडायला माणसे हवी असतील तर त्या कामात मुरलेली माणसे आपल्याला जुफैरपेक्षा जवळ सापडतील.

हे सगळे कुठल्याशा समितीकडे अभ्यासासाठी जाईल आणि अहवाल यायला चार वर्षे लागतील, असे माझी इथली एक मैत्रीण म्हणते. तिने मंत्रालयात नोकरी केलेली आहे. म्हणून समिती नेमण्याआधी एक छोटा प्रयोग सुचवते. पत्रासोबत टँकर आणि बोट ही दोन चित्रे जोडली आहेत, प्रश्न वर लिहिला आहे. मराठी विषयाच्या पुढच्या बैठकीत ती मध्यभागी ठेवा. एक मिनिट आपण बोला, मग आपल्या सचिवांना अर्ध्या मिनिटाचा प्रश्न विचारा. मध्ये कुणी बोलायचे नाही, कागद पाहायचा नाही. घड्याळ शिपायाच्या हाती द्या; तो साहेबांसाठी दहा सेकंद जास्त धरणार नाही, असा नेमा.

आपली,
जुफैरमधली एक शिक्षिका
(मंडळाची माजी विद्यार्थिनी, सांगली जिल्हा)